फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, पण कोणाकडून?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घरी आठ वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे. मुलीच्या बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे फॉर्म, बचत गटाचा हिशेब, सासऱ्यांचं मराठी लेखन आणि त्यांच्या कीर्तनांच्या जुन्या कॅसेट अशी सगळी कामं त्यावर व्हावीत, अशी त्यांची इच्छा आहे. मध्यंतरी एका फॉर्मसाठी पीडीएफ लहान करायची होती म्हणून त्यांनी एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. तेव्हापासून ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं आणि कोपऱ्यात जाहिराती उसळतात. दुकानदार म्हणतात, "फॉरमॅट मारू, ऑफिस, फोटोशॉप सगळं टाकून देतो, पाचशे रुपये द्या." पुण्याचे दीर म्हणतात, ते क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली चोरीची प्रत असते, दरवर्षी पैसे भरून ओरिजिनल घ्या. यजमानांचं म्हणणं, फुकटातलं कधीच चांगलं नसतं. ताई विचारतात : घरच्या कामांसाठी खरोखर चांगल्या फुकट सॉफ्टवेअरची यादी द्याल का, की दीरांचं ऐकून पैसे भरावेत?

उत्तर :

ताई, तुमच्या घरातली तिन्ही माणसं आपापल्या जागी थोडी थोडी बरोबर आहेत, म्हणूनच तुमचा गोंधळ झाला आहे. सॉफ्टवेअरला पैसे पडतात की नाही आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे दोन प्रश्न तुमच्या घरी एकच धरले गेले आहेत. दुकानदार देतात ते क्रॅकही सॉफ्टवेअरच्या किमतीपुरतं फुकटच आहे. ते पाचशे रुपये त्यांच्या मजुरीचे. तुम्ही उतरवलेलं पीडीएफचं सॉफ्टवेअरही फुकट होतं. आणि जगभरात कोट्यवधी लोक वापरतात तो व्हिडिओ चालवणारा व्हीएलसी प्लेअरही फुकट आहे. या तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. म्हणून यादीच्या आधी एक प्रश्न विचारायची सवय लावा : हे बनवायला कुणाचा तरी वेळ आणि पैसा गेला आहे, मग तो भरून कुठून निघतो?

तुमच्या त्या पीडीएफवाल्याला विचारून बघा. उत्तर तुमच्या ब्राउझरमध्ये दिसतंच आहे. सोबत घुसवलेल्या जाहिराती आणि बदललेलं पहिलं पान, त्यातून त्याची कमाई.

क्रॅकचं उत्तर याहून वाईट आहे. ते टाकताना "अँटिव्हायरस जरा बंद करा" असं सांगतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ज्याने क्रॅक बनवलं तो कोण, हे दुकानदारालाही माहीत नसतं. त्यालाही ते कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर मिळालेलं असतं. अशा अनोळखी माणसाच्या प्रोग्रामला आपण पहारेकऱ्याला बाजूला करून आत घेतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर नेटबँकिंगचा पासवर्ड टाइप करतो. मुलीची मार्कशीट, आधार, पॅन सगळं तिथेच. कायद्याचा मुद्दा आहेच, पण मला या गोष्टीची जास्त काळजी वाटते. दीर क्रॅक नको म्हणतात ते शंभर टक्के खरं. फक्त त्याला पर्याय म्हणजे दरवर्षीचं शुल्कच, हे मला पटत नाही.

आता व्हीएलसीचा खर्च कोण करतं ते पाहू. पॅरिसमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला तो प्रकल्प. २००१ मध्ये त्यांनी त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखावट, सगळ्यांना खुली केली. आज त्यामागे व्हिडिओलॅन नावाची ना-नफा संस्था आहे आणि ती देणग्यांवर चालते. मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखीच कामं करणाऱ्या लिबरऑफिसचंही असंच. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं होऊन ते सुरू झालं. ते डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनची संस्था सांभाळते. देणग्या येतातच, शिवाय सरकारांना आणि मोठ्या कार्यालयांना पैसे घेऊन सेवा देणाऱ्या कंपन्यांचे प्रोग्रामर त्यात भर घालतात. जर्मनीतल्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याच्या सरकारने २०२४ मध्ये आपले सुमारे ३०,००० कॉम्प्युटर लिबरऑफिसवर न्यायचं ठरवलं. यजमानांना हे जरूर सांगा. शेजारणीने वाटीभर विरजण दिलं म्हणून तिचं दही कमी होत नाही, तसंच सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत तुम्ही घेतल्याने त्यांचं काही जात नाही. कोड खुला असल्यामुळे कुणी त्यात काही लपवलं तर ते दुसऱ्या जाणकाराला सापडू शकतं, हा आपल्यासाठी मोठा फायदा.

तिसरा एक प्रकारही आहे. इरफान श्किल्यान या बोस्नियात जन्मलेल्या प्रोग्रामरने १९९६ पासून इरफानव्ह्यू हा फोटो पाहण्याचा छोटा प्रोग्राम चालवला आहे. कोड खुला नाही, पण घरगुती वापराला फुकट आणि व्यवसायाला पैसे, असा सरळ व्यवहार. इतकी वर्षं एकच माणूस एकाच नावाने उभा आहे, हीसुद्धा विश्वासाची एक खूण मी मानतो.

आता यादी. ताई, यादी मागू नका, असं मी प्रेमाने सांगतो. यादी हातात आली की माणूस ती पूर्ण करायला बसतो आणि कधीही न लागणारे प्रोग्राम भरून ठेवतो. तुम्ही पत्रात जी कामं लिहिली आहेत तीच तुमची यादी, आपण तिच्याच वाटेने जाऊ.

सगळ्यात जास्त वैताग फॉर्मचा. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, मार्कशीट पीडीएफमध्ये, आणि मुदत रात्री बारापर्यंत. या घाईत माणूस "पीडीएफ छोटी करा" असं शोधतो आणि समोर येईल त्या वेबसाइटवर मुलीचं आधार चढवतो. ते कुठल्या देशातल्या कोणत्या सर्व्हरवर गेलं, तिथून कधी पुसलं गेलं, काहीच कळत नाही. माझी कळकळीची विनंती आहे की ओळख पटवणारी कागदपत्रं अशा वेबसाइटवर टाकू नका. ही सगळी कामं घरच्या घरी, इंटरनेट बंद असतानाही होतात.

फोटोसाठी इरफानव्ह्यू पुरेसा आहे. फोटो उघडायचा, आकार कमी करायचा, आणि जेपीजी म्हणून सेव्ह करताना क्वालिटीचा आकडा फाइल हव्या तितक्या केबीची होईपर्यंत खाली आणायचा. कागदपत्रांच्या दोन-तीन फोटोंची एक पीडीएफ करायची असेल तर काही उतरवायचीही गरज नाही. विंडोज १० मध्ये ते फोटो एकत्र निवडून प्रिंट म्हणा आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. स्कॅनर असेल तर नॅप्स-टू नावाचा खुल्या कोडचा छोटा प्रोग्राम घ्या. तो स्कॅन करतो, फोटो आणि जुन्या पीडीएफ आत घेतो, पानं मागेपुढे करू देतो आणि सगळ्याची एक फाइल करून देतो. पीडीएफ मोठी होते ती मुळात स्कॅन करतानाच. रंगीत आणि ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) केलेलं एक पान कुठल्याही फॉर्मला जड होणारच. मार्कशीट २०० डीपीआयला आणि ग्रे करून बघा, अक्षर स्पष्ट राहतं आणि फाइल लहान करायची वेळच येत नाही. तरीही मोठी झाली तर लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडा आणि पीडीएफ म्हणून एक्सपोर्ट करताना चित्रांचं रिझोल्यूशन कमी करा.

आधारबद्दल आणखी एक सांगतो. जिथे पूर्ण क्रमांक मागितलेला नाही तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवरून तुम्हाला स्वतःलाच उतरवता येतं.

बचत गटाचा हिशेब लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये अगदी व्यवस्थित होईल. तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक आणि प्रत्येक बाईचं एक वेगळं शीट. ग्नूकॅश नावाचं दुहेरी नोंदीचं चांगलं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण तुमच्या गटासाठी ते शिकत बसू नका. हिशेब बाकीच्या बायकांनाही उघडून वाचता आला पाहिजे.

पत्रं, अर्ज यांच्यासाठी लिबरऑफिसचं रायटर. इथे एक अडचण येणार, ती आधीच सांगतो. दुसऱ्याने वर्डमध्ये केलेली फाइल रायटरमध्ये उघडली की कधी कधी मजकूर पुढच्या पानावर सरकतो. बहुतेक वेळा त्याचं कारण फॉन्ट. त्या माणसाने वापरलेला फॉन्ट आपल्याकडे नसतो, मग प्रोग्राम जवळचा दुसरा लावतो आणि ओळी लहानमोठ्या होतात. म्हणून छपाईला किंवा जमा करायला द्यायचं असेल ते नेहमी पीडीएफ करून द्या. समोरच्याला त्यात बदल करायचे असतील तेव्हाच वर्डच्या डॉक्स (docx) प्रकारात द्या. रायटर त्या प्रकारात सेव्ह करतो.

आता सासऱ्यांचं लेखन, आणि इथे जरा थांबा, कारण फॉरमॅट मारल्यावर हे परत मिळणार नाही. त्यांनी बरीच वर्षं टाइप केलं असेल तर ते युनिकोडमध्ये (मराठी अक्षरं साठवायची आजची सगळीकडे चालणारी पद्धत) आहे की श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये, हे आधी पाहा. ओळखायची रीत सोपी आहे. मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून बघा. मराठीच राहिलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर जुना फॉन्ट. या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी चिन्हंच साठवलेली असतात, मराठी दिसतं ते केवळ फॉन्टमुळे. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला की त्यांचं सगळं लेखन वाचताच येणार नाही. म्हणून आधी विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्ट्सचं फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. मग प्रत्येक लेखाची पीडीएफ करून ठेवा, कारण पीडीएफमध्ये साधारणपणे फॉन्ट आतच बसतो आणि लेखन निदान वाचता तरी येतं. त्यानंतर सवडीने त्या त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये न्या. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात, तेव्हा ते त्यांनाच एकदा तपासायला द्या.

पुढचं लेखन मात्र युनिकोडमध्येच व्हावं. त्यासाठीही काही उतरवायला नको. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आहे. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि तो कीबोर्ड निवडा, रोमन अक्षरं दाबली की मराठी उमटतं. सासऱ्यांचा हात इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर बसलेला असेल तर तोही तिथेच आहे. फॉन्ट म्हणून मुंबईच्या 'एक टाइप' या नावाच्या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बालू बघा. खुल्या परवान्याचे आहेत आणि देवनागरी फार छान वाचता येते.

कीर्तनाच्या कॅसेटसाठी ऑडॅसिटी घ्या. २००० पासून चालत आलेला हा खुल्या कोडचा प्रोग्राम या कामाला इतका योग्य आहे की पैसे देऊनही मी दुसरा सुचवला नसता. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक साधी स्टिरिओ केबल तुमच्या कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या लाइन-इन भोकात लावा. गुलाबी भोक माइकचं असतं, ते नको. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून बघा, आवाजाची पट्टी लाल रंगाला टेकता कामा नये. मग कॅसेटची एक बाजू सलग चालू द्या. खरखर कमी करायची असेल तर कीर्तन सुरू होण्याआधीचा, नुसती खरखर असलेला दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडून तो नमुना म्हणून द्यायचा आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगवर नॉइज रिडक्शन लावायचं. ते अगदी हलकं ठेवा. जास्त लावलं की टाळ-मृदंगाचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक प्रकारात ठेवा, नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एमपी३ करा. डब्ल्यूएव्हीला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे तासाच्या कॅसेटला ६०० एमबी धरा. टेपवरचा चुंबकीय थर वर्षागणिक खराब होतो, तेव्हा या सगळ्या कामांत हे पुढे ढकलू नका.

व्हिडिओ आणि गाण्यांना व्हीएलसी, झिप आणि रार फाइली उघडायला सेव्हन-झिप. तुमच्या घराला एवढंच पुरतं.

तुम्ही फसलात ती जागा सॉफ्टवेअरची नव्हती, ते शोधण्याची होती. गूगलवर नाव टाकलं की सगळ्यात वरती बऱ्याचदा जाहिरात असते. २०२२ मध्ये गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरच्या नावाने अशीच खोटी जाहिरात लागली होती आणि त्यातून पासवर्ड चोरणारा प्रोग्राम पसरवला गेला. जाहिरात सोडून खाली या, पत्ता अक्षर अक्षर वाचा. लिबरऑफिस डॉट ऑर्ग, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग, सेव्हन-झिप डॉट ऑर्ग हे खरे पत्ते. सेव्हन-झिपच्या पत्त्यात सेव्हन हा इंग्रजी ७ चा आकडा आहे. २०२२ मध्ये व्हिडिओलॅनची वेबसाइट भारतात काही महिने बंद होती, नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडली. असं झालं तर "दुसरीकडून कुठून मिळतं का" म्हणून शोधू नका, थोडे दिवस थांबा.

याहून सोपा मार्ग नाइनाइट डॉट कॉमचा आहे. तिथे लिबरऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप, इरफानव्ह्यू, ऑडॅसिटी यांच्यापुढे खूण करायची, एकच छोटी फाइल मिळते आणि ती सगळं अधिकृत जागेवरून आणून बसवते, सोबतच्या नको त्या गोष्टी नाकारून. हाताने बसवत असाल तर प्रत्येक पायरीवर खुणा केलेले चौकोन वाचा आणि "हेही बसवा" असं काही दिसलं तर खूण काढा.

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कुणी सफाईचं, ड्रायव्हर अपडेट करण्याचं किंवा वेग वाढवण्याचं सॉफ्टवेअर सुचवेल. ते घेऊ नका. २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध सफाई सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती लाखो कॉम्प्युटरवर पोचली. ज्याची गरजच नाही त्याचा धोका कशाला पत्करायचा? अँटिव्हायरसही वेगळा नको, विंडोजचा डिफेंडर आत आहे, तो फक्त चालू ठेवा.

आजचं दुखणं आधी आवरा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत तारखेनुसार क्रम लावा आणि त्या दिवशी जे जे आलं ते काढा. ब्राउझरची अनोळखी एक्स्टेन्शन काढा, नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला दिली आहे ते बघून बंद करा आणि डिफेंडरचं पूर्ण स्कॅन चालवा. बँकेचे पासवर्ड फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेल्याचं कधी दिसलं तर तासाचाही उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा.

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसेल असं वाटत नाही. लिनक्स मिंट हा चांगला फुकट पर्याय आहे, आणि तो पेनड्राइव्हवरून, आतलं काही न पुसता, चालवून बघता येतो. पण आत्ता नको. आधी विंडोजवरच लिबरऑफिस, व्हीएलसी, ऑडॅसिटी यांची सवय होऊ द्या. हेच प्रोग्राम मिंटवरही आहेत, त्यामुळे मुलीच्या परीक्षा झाल्यावर तो बदल घरच्यांना जड जाणार नाही. तोवर या कॉम्प्युटरवर नेटबँकिंग टाळा.

फॉरमॅट करावंच लागलं तर दुकानदारांकडूनच करून घ्या, ते पाचशे रुपये त्यांच्या वेळेचे म्हणून आनंदाने द्या. फक्त आधी सगळा डेटा तुमच्या समोर दोन ठिकाणी कॉपी करायला सांगा, आणि ऑफिस, फोटोशॉप टाकू नका असं स्पष्ट सांगा.

पैसे कधी भरावेत, याचंही उत्तर देतो. मुलीच्या कॉलेजने किंवा यजमानांच्या कार्यालयाने मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम) असलेल्या एक्सेलच्या फाइली दिल्या तर त्या लिबरऑफिसमध्ये नीट चालतीलच असं नाही. एखाद-दुसऱ्या साध्या फाइलसाठी मायक्रोसॉफ्टचं ब्राउझरमध्ये चालणारं फुकट वर्ड-एक्सेल आहे, त्यावर भागेल. मॅक्रो मात्र त्यातही चालवता येत नाहीत. रोजचंच काम तसं असेल तर दीरांचं ऐका, ओरिजिनल घ्या. पण मुलीसाठी म्हणून आत्ताच काही विकत घेऊ नका. बरीच कॉलेजं विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस फुकट देतात, आणि डिझाइनच्या काही महागड्या सॉफ्टवेअरचे विद्यार्थ्यांसाठी वेगळे परवाने असतात. प्रवेश निश्चित झाला की तिला कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात जाऊन आधी हे विचारायला सांगा.